अहमदीच्या मैफलीचे श्रोते

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, माझी काही हरकत नाही.

जिच्याबाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मामेबहीण. ती कुवेतमध्ये आहे, धडधाकट आहे आणि अजूनही त्याच घरात राहते.

"नाव बदलून लिहू का?" असं मी तिला विचारलं होतं.

"का? मी काय चोरी केलीय?" ती म्हणाली. "अंतरा म्हणूनच लिही."

आणखी एक सांगतो. ही गोष्ट रात्रीची नाही. गेल्या जूनमधला शुक्रवार, भर दुपार. जागा, सबाह अल-सालेममधल्या एका इमारतीचा पाचवा मजला. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कुवेतमधली जूनची दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. खिडकीच्या काचेला बोट लावलं तर चटका बसतो. सगळी इमारत पडदे ओढून पडलेली असते आणि एसीच्या घरघरीशिवाय काहीही ऐकू येत नाही.

म्हणजे... एरवी येत नाही.

अंतरा कुवेत सिटीतल्या एका बँकेत अकाउंट्सला आहे. नवरा सुयश मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. त्याच्या ड्यूटीचा शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीशी काही संबंध नसतो. मुलगी मैथिली, वय वर्षं नऊ. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत.

आणि घरात चौथं कुणी असेल तर ते म्हणजे अंतराचं क्लॅरिनेट.

माझे मामा कोल्हापूरला पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मुलगा नव्हता म्हणून नव्हे, तर अंतराची फुंक चांगली होती म्हणून त्यांनी तिला शिकवलं. मामा गेले तेव्हा बाकीच्यांनी घर, शेत बघितलं. ही बाई क्लॅरिनेटची काळी पेटी काखोटीला मारून विमानात बसली. दर शुक्रवारी दुपारी ती तासभर वाजवते. शेजाऱ्यांनी एकदा तक्रार केली होती. तिनं त्यांना चहाला बोलावलं, आणखी तासभर ऐकवलं. तक्रार बंद झाली.

अंतरा अशी आहे. हे लक्षात असू दे, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरी वेगळं झालं असतं.

शुक्रवारच्या बाजारात अब्बासचाचांचा गाळा आहे. चाचा मूळचे श्रीवर्धनचे. जुनी घड्याळं, रेडिओ, दिवे, असलं सामान विकतात. मराठी बोलणारं गिऱ्हाईक आलं की त्यांना धंद्यापेक्षा गप्पांतच जास्त रस. मार्चमध्ये अंतरा तिथं गेली तेव्हा त्यांनी एक रेकॉर्ड तिच्या हातात ठेवली.

"बाय, ही तुझ्या कामाची. बघ, बाजा हाय हिच्यात."

कव्हरवर एका सभागृहाचा फोटो होता. मागून काढलेला. खुर्च्यांच्या रांगा, माणसांची डोकी आणि दूर स्टेजवर पांढऱ्या कोटातला बँड.

अंतरा बघतच राहिली. ज्यांना स्विंगचा नाद आहे, त्यांच्यात ही रेकॉर्ड म्हणजे दंतकथा आहे. स्विंग म्हणजे जुनं, नाचायला लावणारं जॅझ. पन्नासच्या दशकात मुंबईहून गोवेकर वादकांचा एक बँड अहमदीला, कुवेतमधल्या तेलाच्या गावी, आला होता. तेल कंपनीच्या साहेबलोकांसाठी तिथल्या क्लबात एकच कार्यक्रम झाला आणि कुणीतरी तो समोर बसून टेपवर घेतला. आखातात झालेलं हे पहिलंच असं रेकॉर्डिंग, असं जाणकार म्हणतात. पण रेकॉर्डचं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं.

ती मैफल अपुरी आहे.

शेवटच्या गाण्यात क्लॅरिनेटवाला एकटा वाजवायला लागतो, वर वर चढत जातो... आणि मध्येच सगळं बंद. टाळ्या नाहीत, शेवट नाही, काही नाही.

"टेप संपली असं लिहिलंय," अंतरा कव्हर उलटून म्हणाली.

"लिहितील काय पण," चाचा म्हणाले. "अहमदीतली जुनी मंडळी कोण म्हणायची वीज गेली, कोण म्हणायची आग लागली. खरं विचारशील तर कोणालाच ठाव नाय. एका म्हाताऱ्या साहेबाचं घर रिकामी केलं, त्याच्या सामानात आली माझ्याकडं."

त्या दुपारी तिनं ती पहिल्यांदा लावली.

तिचं म्हणणं, तसं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. बँड तर होताच, पण त्याहून जिवंत होते ते ऐकणारे लोक. गाणं संपलं की टाळ्यांचा असा कडकडाट, जणू खोलीत पाऊस कोसळतोय. कुणीतरी खोकायचं. कुणाचा तरी पेला ठेवल्याचा आवाज. आणि पुढच्या रांगेत असावी अशी एक बाई, प्रत्येक गाण्याच्या शेवटी खळखळून हसायची.

अंतरानं क्लॅरिनेट काढलं आणि त्या शेवटच्या गाण्यातला तुकडा बसवायला घेतला. दर शुक्रवारी रेकॉर्ड लावायची, ऐकायचं, वाजवायचं. एप्रिल उजाडेपर्यंत तुकडा तोंडपाठ झाला. अगदी जिथं तो तुटतो तिथपर्यंत.

मग एका शुक्रवारी तिच्या लक्षात आलं...

ती बाई हसली नाही.

तिनं सुई मागे घेतली. पुन्हा ऐकलं. गाणं संपलं, टाळ्या झाल्या. हसू नव्हतं.

तिला वाटलं, आपला घोटाळा होतोय. पुढच्या आठवड्यात मात्र पेला ठेवल्याचा आवाजही नव्हता. आणि टाळ्या विरळ झाल्या होत्या. पाऊस ओसरल्यासारख्या.

"सुई झिजली असेल," सुयश म्हणाला.

"सुई झिजली तर बँडचा आवाज जाईल ना? बँड जसाच्या तसा आहे. फक्त माणसं कमी होतायत."

सुयशनं तिच्याकडे बघितलं आणि विषय बदलला.

इंटरनेटवर कुणा शौकिनानं हीच रेकॉर्ड चढवली आहे. तिनं ती हेडफोन लावून ऐकली. तिथं टाळ्यांचा कडकडाट होता. खोकला होता. ती बाईसुद्धा हसत होती.

म्हणजे बाकी सगळीकडे ती माणसं बसलेली होती.

फक्त अंतराच्या रेकॉर्डमधून उठून चालली होती.

मे महिन्यात घरात बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. बाहेरून आलं की दिवाणखान्यात वास यायचा. जुन्या सिगारेटचा आणि केसांना लावायच्या सुगंधी तेलाचा. सुयश सिगारेट ओढत नाही. मग एक दिवस अंतरा बँकेतून आली आणि दारातच थबकली.

जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या टेबलाशी नव्हत्या.

त्या ओळीनं मांडल्या होत्या... रेकॉर्ड प्लेअरकडे तोंड करून.

"मैथिली, खुर्च्या तू हलवल्यास?"

"नो ममा. आय वॉज इन स्कूल."

अंतरानं एकेक खुर्ची उचलून जागेवर ठेवली. शेवटची खुर्ची बसायच्या जागी कोमट होती.

खाली इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, नझीर नावाचा बांगलादेशी माणूस आहे. त्यानं तिला लिफ्टपाशी गाठलं.

"मॅडम, आप के घर में मेहमान आया है?"

"नहीं तो. क्यूँ?"

"लिफ्ट बार बार पाँच पे जाता है. मैं देखता हूँ, दरवाज़ा खुलता है, कोई नहीं. बंद होता है. फिर पाँच."

त्या रात्री जेवताना सुयश थेट मुद्द्यावर आला. "ती रेकॉर्ड उद्या मी घेऊन जातो. मोडून कचऱ्यात टाकतो. विषय संपला."

"नाही."

"अगं, मैथिली आहे घरात."

"म्हणूनच नाही म्हणतेय." अंतरानं हातातला घास खाली ठेवला. "सुयश, विचार कर. ते त्या रेकॉर्डमधून बाहेर आलेत. तू ती मोडलीस तर ते परत कुठे जातील?"

सुयशनं पाण्याचा घोट घेतला आणि मागे वळून दिवाणखान्याकडे बघितलं.

"मग घर बदलू," तो म्हणाला.

"घर मी बदलणार नाही. मी त्यांना बोलावलेलं नाही. जायचं तर त्यांनी जायचं."

दुसऱ्या दिवशी तिनं अब्बासचाचांना फोन केला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा अल्लाचं नाव घेतलं.

"चाचा, तुमच्याकडे होती तेव्हा असं काही झालं होतं?"

"बाय, मी ती वाजवलीच नाय कधी. माझ्याकडं वाजवायला मशीन कुठं हाय? तुला नको तर आण परत. मी ठेवून घेतो. तुझ्या घरात पोर हाय."

"तुमच्या घरात पण नातवंडं आहेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिनं रेकॉर्ड पुन्हा लावली. सुयश शेजारी बसला होता, तिनंच बसवला होता. पहिलं गाणं संपलं...

एकही टाळी नाही.

गाणं संपायचं आणि नुसती मोकळ्या सभागृहाची शांतता. सुयशनं तिचा हात धरला. शेवटचं गाणं सुरू झालं, क्लॅरिनेटची वेळ आली.

क्लॅरिनेट वाजलं नाही.

मागे ड्रम चालू, पियानो चालू. मध्ये क्लॅरिनेटची जागा रिकामी. बँड तेच तेच वाजवत राहिला, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. सुयशनं उठून सुई उचलली. मग प्लेअरची वायर काढली. मग रेकॉर्ड कव्हरमध्ये घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

हे झालं सोमवारी. आता तो शुक्रवार.

सुयशची ड्यूटी होती. सकाळपासून हवा पिवळी पडत चालली होती. दुपारी धुळीचं वादळ आलं, तिथं त्याला तूझ म्हणतात. समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. अंतरानं बाल्कनीच्या दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले, बाहेरच्या दाराला आतून साखळी लावली. मैथिलीला धुळीचा त्रास आहे, खोकला सुरू होतो. ती सोफ्यावर टॅब घेऊन बसली होती.

अंतरा स्वयंपाकघरात गेली. कणीक भिजवली. हात धुतले. बाहेर आली.

सोफ्यावर टॅब होता.

मैथिली नव्हती.

"मैथिली?"

बेडरूम बघितली. बाथरूम बघितलं. पलंगाखाली, कपाटांत, पडद्यांमागे बघितलं. बाल्कनीचं दार बंद, टॉवेल जागच्या जागी. बाहेरच्या दाराची साखळी लावलेली. आतून.

तिनं नझीरला फोन लावला. तो म्हणाला, "मैं गेट पर ही बैठा हूँ मॅडम. बेबी नीचे नहीं आया."

तिनं फोन ठेवला. तेवढ्यात मागे...

खर्र.

सुई रेकॉर्डवर टेकल्याचा आवाज.

अंतरा वळली. प्लेअर फिरत होता. वायर तशीच जमिनीवर पडलेली होती. कपाटाचं कुलूप लावलेलं होतं. आणि खुर्च्या, जेवणाच्या टेबलाच्या, मैथिलीच्या अभ्यासाची, बाल्कनीतली प्लास्टिकची, सगळ्या रांगा करून मांडलेल्या होत्या.

ती कणीक भिजवत होती तेवढ्यात. तिला एकही खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं नव्हतं.

स्पीकरमधून रिकाम्या सभागृहाची ती शांतता येत होती. मोठं छत, लांबवरच्या भिंती. आणि त्या शांततेत कुणीतरी खोकलं.

लहान, कोरडा खोकला.

आई आपल्या लेकराचा खोकला हजारात ओळखते.

"ममा?" स्पीकरमधून आवाज आला. लांबून, खूप मोठ्या खोलीच्या पलीकडून यावा तसा. "ममा, आर यू कमिंग? दे आर ऑल वेटिंग."

अंतरा भिंतीला धरून खाली बसली. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. मग बँड सुरू झाला. तेच शेवटचं गाणं. क्लॅरिनेटची वेळ आली आणि मध्ये ती रिकामी जागा. ड्रम चालू, पियानो चालू. वाट बघणं चालू.

आणि तिच्या लक्षात आलं की त्यांना काय हवंय.

त्यांना मैथिली नको होती. मैथिलीला घेतलं ते हिनं मागून यावं म्हणून. त्यांना त्या रिकाम्या जागेत बसवायला क्लॅरिनेटवालं कुणीतरी हवं होतं. आणि गेले तीन महिने दर शुक्रवारी त्यांच्यासमोर उभं राहून हिनंच तो तुकडा तोंडपाठ केला होता.

भीती संपून तिथं संताप कधी आला, तेही तिला आठवत नाही.

तिनं डोळे पुसले. काळी पेटी उघडली. क्लॅरिनेटचे तुकडे जोडले. रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाची वेताची पट्टी, ओठांत धरून ओली केली. या कामाची हातांना लहानपणापासून सवय होती.

ती रेकॉर्ड प्लेअरकडे गेली नाही. त्याच्याकडे पाठ करून, खुर्च्यांकडे तोंड करून उभी राहिली.

समोर रिकाम्या खुर्च्या. पण खोली रिकामी नव्हती. एसी चालू असून उकडत होतं, भरल्या सभागृहात उकडतं तसं. सिगारेटचा वास घशाशी येत होता. आणि श्वास... पुष्कळ जणांचे श्वास, एकदम रोखून धरलेले.

"मुलगी परत द्या," ती म्हणाली.

बँड वाजत राहिला.

"ठीक आहे," अंतरा म्हणाली. "मग ऐका."

तोंडपाठ केलेला तुकडा तिनं वाजवला नाही. तिचं म्हणणं, तो वाजवला असता तर जिथं तो तुटतो तिथंच मीही तुटले असते, त्यांच्यात जाऊन बसले असते. त्या तुकड्याला तिनं हातच लावला नाही. जिथं रेकॉर्ड बंद पडते, तिथून तिनं पुढचं वाजवायला सुरुवात केली. जे कुणी कधी ऐकलं नव्हतं ते. जे त्या दिवशी अहमदीत वाजायचं राहून गेलं होतं ते. तिचं स्वतःचं.

मागे बँड गडबडला. ड्रम एक ठोका चुकला. मग त्यानं वेग वाढवला.

अंतरानंही वाढवला.

ड्रम आणखी जोरात. भिंतीवरच्या फोटोंच्या काचा थरथरायला लागल्या. त्यांना तिला ओढून परत त्या तुकड्यावर आणायचं होतं. ती गेली नाही. तिच्या ओठातून रक्त आलं, रीडची चव खारट झाली. ती वाजवत राहिली, एकेक सूर खाली आणत, शेवटाकडे आणत.

पोलीस बँडमध्ये म्होरक्याची एक खूण असते. वाद्याचं तोंड उंच उचलायचं आणि झटक्यात खाली आणायचं, की सगळ्या बँडनं थांबायचं. मामांचा बँड त्या खुणेवर असा थांबायचा की मागून कबुतरं उडाल्याचं ऐकू यायचं.

अंतरानं क्लॅरिनेट उचललं. खाली आणलं.

बँड थांबला नाही.

पुन्हा उचललं. खाली आणलं.

ड्रम वाजतच राहिला.

तेव्हा तिनं क्लॅरिनेट तोंडातून काढलं. ओरडली नाही. मामा परेडवर ज्या आवाजात बोलायचे त्या आवाजात, मराठीत, ती त्या खुर्च्यांना म्हणाली,

"कार्यक्रम संपला. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय. संपला. आता उठा आणि आपापल्या घरी जा. माझी मुलगी तुमच्याबरोबर येणार नाही. मीही येणार नाही."

मग तिनं तिसऱ्यांदा क्लॅरिनेट ओठाला लावलं, एकच सूर धरला, छातीतला सगळा श्वास संपेपर्यंत लांबवला, क्लॅरिनेट वर उचललं...

आणि खाली आणलं.

बँड थांबला.

बाहेर वादळ काचेवर वाळू फेकत होतं. तेवढंच ऐकू येत होतं.

मग पहिली टाळी वाजली.

स्पीकरमधून नाही. समोरून.

मग दुसरी. मग सगळ्या खुर्च्यांमधून, खुर्च्यांच्या मागून, बेडरूमच्या दारातून, भिंतीपलीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी पाय आपटले. अंतरा दोन्ही हातांनी क्लॅरिनेट छातीशी धरून उभी राहिली. मान झुकवून नमस्कार करायचा नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. ती ताठ उभी राहिली आणि टाळ्या संपायची वाट बघितली.

अगदी जवळ, पुढच्या खुर्चीतून, एक बाई खळखळून हसली.

मग खुर्च्या सरकल्या. पावलं वाजली, बुटांची, उंच टाचांची. दाराची साखळी हळूच निघाली आणि लोंबत राहिली. दार उघडलं. बाहेर लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा. पुन्हा उघडल्याचा. पुन्हा. पुन्हा.

टाळ्या संपल्या होत्या. एक मात्र चालूच होती. बारीक, दमलेली.

शेवटच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत, मैथिली बसली होती. डोळे उघडे, नजर समोर. ती टाळ्या वाजवत होती.

अंतरानं धावत जाऊन तिचे हात धरले. तळवे लालभडक सुजले होते. दिवसच्या दिवस टाळ्या वाजवल्या तरच सुजतील असे.

"इट वॉज सो लाँग, ममा," मैथिली म्हणाली आणि तिच्या कुशीत शिरली. "दे सेड आय हॅड टू क्लॅप टिल इट्स ओव्हर."

अंतराचा फोन गेल्यावर सुयश वादळातून गाडी हाकत आला तेव्हा दोघी जमिनीवर बसल्या होत्या. अंतरा मैथिलीच्या तळव्यांना तूप लावत होती. लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर नझीरही वर आला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, शादी था क्या?" त्यानं विचारलं. "गेट बंद होता ही नहीं था. धूल अंदर आ रहा था. मैं बंद करता, फिर खुल जाता. बहुत देर."

"कोई दिखा?"

नझीरनं मान हलवली. "धूल में पैर का निशान दिखा. बाहर जाने का. बस."

मैथिलीचे हात आठवड्याभरात बरे झाले. डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून मलम दिलं. त्या दुपारबद्दल ती जास्त काही सांगत नाही. खूप मोठी खोली होती, सगळे पाठमोरे होते, एवढंच.

सुयश अजूनही घर बदलायचं म्हणतो. अंतरा म्हणते, ज्यांना जायचं होतं ते गेले. आपण का जायचं? दर शुक्रवारी दुपारी ती वाजवते. खिडक्या उघडून वाजवायला लागलीय आता, एसी गेला उडत.

मी ऑगस्टमध्ये कामानिमित्त कुवेतला गेलो होतो, तेव्हा तिनं हे सगळं मला सांगितलं. मग ती रेकॉर्ड काढून आणली. मला नको होती, पण तिनं लावलीच.

बँड होता. क्लॅरिनेट होतं. शेवटचं गाणं नेहमीच्याच जागी तुटलं.

टाळ्या मात्र नव्हत्या. एकाही गाण्यानंतर नव्हत्या. गाणं संपायचं, बँड जरा थांबायचा... आणि समोर कुणी नाही हे कळल्यासारखा पुढचं गाणं सुरू करायचा.

"म्हणजे ते परत आत गेले नाहीत," मी म्हणालो.

"नाही."

"मग?"

अंतरा पुसलेलं क्लॅरिनेट पेटीत ठेवत होती. तिनं वर बघितलं. घाबरलेली नव्हती.

"मी त्यांना घरी जा म्हणाले," ती म्हणाली. "घर कुठं आहे, ते मी विचारलं नाही."

तेव्हापासून मी कुठल्याही कार्यक्रमाला गेलो, की गाणं संपल्यावर लगेच टाळ्या वाजवत नाही. हात उचलतो... आणि आधी शेजारच्या खुर्चीकडे बघून घेतो.